०:०:५० ड्रमच्या तळाला का बसतं? (विद्राव्य खतं, पाणी आणि साका)

गोदाकाठ
जानेवारीत मण्यांत पाणी उतरायला लागलं की द्राक्षपट्ट्यात एकच ओरड सुरू होते: ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट; तीन आकडे नत्र, स्फुरद आणि पालाशच्या टक्क्यांचे) बनावट निघालं, तळाला थर राहतो. पिशवीवर ‘१०० टक्के पाण्यात विद्राव्य’ छापलेलं असतं, आणि २०० लिटरच्या ड्रममध्ये २५ किलो ओतून तासभर ढवळलं तरी काठीला खाली खरखर लागतेच. मग दुकानदाराशी भांडण.

माझं मत असं की यातल्या बऱ्याच तक्रारींत खताचा दोष नसतो, पाणी कमी पडतं. पोटॅशियम सल्फेट २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात १११ ग्रॅमच्या आसपास विरघळतं. २०० लिटरचे झाले २२ किलो. पाणी १० अंशाला आलं की हाच आकडा ९३ ग्रॅमवर येतो, म्हणजे साडेअठरा किलो. निफाडच्या थंडीत पहाटे ड्रम भरला तर उरलेले सहा-साडेसहा किलो जाणार कुठे? पिशवीवरच्या ‘१०० टक्के’चा अर्थ इतकाच की पुरेसं पाणी दिलं तर मागे काही उरत नाही. पाणी किती द्यायचं ते त्यात सांगितलेलं नसतं.

जाणकारांना दोन प्रश्न. तळाचा गाळ नेमका कशाचा, हे बागेतच कसं ओळखायचं? आणि कोणतं खत किती पाण्यात घ्यायचं, याचा साधा हिशोब काय?

शंकासुर
मोटर लावून दोन तास ढवळलं तर? काठीने ढवळणारा कंटाळतो, मोटर कंटाळत नाही.

अणुरेणू
शंकासुर, मोटरने वेळ वाचतो, मर्यादा हलत नाही.

मिठासारखा स्फटिक पाण्यात पडला की पाण्याचे रेणू त्याच्या पृष्ठभागावरचे आयन एकेक करून सोडवतात आणि त्यांच्याभोवती कडं करतात. पोटॅशियम धन, सल्फेट ऋण. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू पोटॅशियमकडे वळते, हायड्रोजनची सल्फेटकडे. पण सुटलेले आयन पुन्हा स्फटिकावर येऊन चिकटतही असतात. द्रावण जितकं दाट, तितके परत येणारे जास्त. सुटणारे आणि चिकटणारे सारखे झाले की द्रावण संपृक्त. त्यानंतर दिवसभर ढवळा, तळाचं वजन तेवढंच राहील.

ढवळण्याचा उपयोग संपृक्तता येण्याआधी. दाण्याला लागून जे दाट पाणी साचतं ते हटतं आणि तिथे पातळ पाणी येतं. खत बारीक असेल तर पृष्ठभाग वाढतो, काम लवकर होतं. या दोन्ही गोष्टी वेगाच्या. ‘किती’ हे ठरतं पदार्थावर, तापमानावर आणि त्याच पाण्यात आधीपासून काय आहे यावर. या शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होतं. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आधीच विरघळलेल्या ड्रममध्ये ०:०:५० टाकलं तर ते साध्या पाण्यापेक्षा कमी विरघळतं, कारण पोटॅशियमची गर्दी आधीच झालेली असते.

ठिबकवाला
हिशोबाचं सांगतो. आकडे २० अंशाला, एक लिटर पाण्यात, ग्रॅममध्ये:

युरिया १०८०
कॅल्शियम नायट्रेट १२०० च्या पुढे
मॅग्नेशियम सल्फेट (सात पाणी असलेलं, नेहमीचं) ७०० च्या आसपास
१२:६१:० (मोनोअमोनियम फॉस्फेट) साधारण ३७०
पांढरं पोटॅश (पोटॅशियम क्लोराईड) ३४०
१३:०:४५ साधारण ३१५
०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) साधारण २२५
०:०:५० १११
बोरिक अ‍ॅसिड जेमतेम ५०

या आकड्यांच्या काठावर कधी जायचं नाही, निम्म्यावर थांबायचं. म्हणजे ०:०:५० ची २५ किलोची बॅग असेल तर ४०० लिटर पाणी. हिवाळ्यात अगदीच अडचण असेल तर ३०० च्या खाली येऊ नका. १३:०:४५ ची बॅग १५०-२०० लिटरात.

दुसरं म्हणजे, ड्रम आधी काठोकाठ भरून मग खत टाकू नये. पाणी ६०-७० टक्के घ्या, खत ओता, विरघळलं की खुणेपर्यंत भरा. १०० लिटर पाण्यात २५ किलो टाकलं की द्रावण १०० लिटर राहत नाही, ते खुणेच्या वर जातं, आणि एकरी किती लिटर सोडायचं हे गणित तिथेच चुकतं.

मीठभाकर
लाल पोटॅशचं नाव यादीत नाही ते बरं केलंत. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साईडचा असतो. ते कितीही पाण्यात विरघळत नाही, सरळ फिल्टरच्या जाळीवर जाऊन बसतं. ठिबकमधून लाल पोटॅश सोडू नका. शिवाय द्राक्षाला क्लोराईड नकोच असतं.

खमंग
मी शेतीतली नाही, पण ‘त्याच पाण्यात आधीपासून काय आहे’ यावरून आठवलं. साखर लिटरभर पाण्यात २० अंशाला दोन किलोपर्यंत जाते, उकळत्या पाण्यात चार किलोच्या पुढे. गुलाबजामचा पाक गार झाला की कडेला खडे धरतात ते याच हिशोबाने. लिंबू पिळलं की धरत नाहीत, कारण आंबटाने थोड्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि मिसळ झालेल्या पाकात साखरेचे रेणू नीट ओळीत बसत नाहीत. कढईच्या कडेला चिकटलेले दाणे मात्र ओल्या ब्रशने पुसून घ्यायचे, नाहीतर तेच बी होतात आणि सगळा पाक धरतो.

शंकासुर
ताई, म्हणजे ०:०:५० मध्ये लिंबू पिळू का?

खमंग
पिळा, आणि वर वेलदोडा.

रानवाट
एवढी चर्चा कशाला? गरम पाणी घ्या. उकळतं पाणी एक बादली ओतलं की ०:०:५० चटकन जातं.

ठिबकवाला
रानवाट, चटकन जातं हे खरं. पण द्रावण ड्रममध्ये रात्रभर ठेवलं तर पहाटेच्या गारठ्यात जास्तीचं सगळं पुन्हा खाली येतं. आणि या वेळी ते ड्रमच्या तळाला गुमान बसेलच असं नाही, सक्शनच्या नळीत आणि व्हेंचुरीच्या (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडाच्या) घशातही खडे धरतात. तो घसा अरुंद असतो, दोन-तीन खडे अडकले तरी ओढ बंद.

रानवाट
रात्रभर ठेवतो कोण? विरघळवायचं आणि लगेच सोडायचं. मेनलाइनच्या पाण्यात गेलं की इतकं पातळ होतं की खडा धरायचा प्रश्नच नाही.

ठिबकवाला
लगेच सोडणार असाल तर मान्य. दुकानातल्या बनावटीच्या आरोपापेक्षा एक बादली गरम पाणी स्वस्त. फक्त प्लास्टिकच्या ड्रममध्ये उकळतं थेट ओतू नका, आधी थोडं गार पाणी असू द्या.

पानदेठ
तापमानाच्या चर्चेत एक बाजू राहिली. काही खतं विरघळताना स्वतःच पाणी थंड करतात. स्फटिक मोडायला लागणारी ऊर्जा पाण्याच्या कड्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असली की फरक पाण्याच्या उष्णतेतून भागवला जातो. युरिया आणि १३:०:४५ यात पुढे. युरियाची ४५ किलोची गोणी १०० लिटरात एकदम ओतली तर तापमान सहज २० अंशांनी उतरू शकतं. दमट हवेत ड्रमच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब जमतात, हात लावला तर बर्फाच्या पेटीला लावल्यासारखं वाटतं. युरिया इतका विद्राव्य आहे की त्याचं काही अडत नाही.

अडतं १३:०:४५ चं. त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने बदलते: ३० अंशाला ४५०, २० ला ३१५, १० ला २१०, शून्याला १३३ ग्रॅम. समजा पाणी १५ अंशाचं आहे आणि १०० लिटरात २५ किलो टाकायचंय. तक्ता बघितला तर बसायला हवं. पण १५ किलोच्या आसपास विरघळेपर्यंत पाणी दोन-तीन अंशांवर येतं आणि तिथे मर्यादाही तेवढीच, दीडशे ग्रॅम. उरलेले दहा किलो तळाला. दुपारी ऊन लागून ड्रम तापला की तेच दहा किलो निमूट विरघळतात. सकाळी ‘बनावट’ आणि दुपारी ‘अस्सल’, बॅग तीच.

उपाय: एकदम ओतायचं नाही. पाच-पाच किलो टाकून मध्ये वेळ द्यायचा, किंवा पाणी दुप्पट घ्यायचं.

शंकासुर
दुपारी अस्सल होणारं खत :) दुकानदारांनी हे वाचलं तर सकाळी शटरच उघडणार नाहीत.

निवळी
गोदाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. गाळ ओळखायची रीत:

वरचं निवळ पाणी ओतून टाका. तळाचा गाळ चमचाभर घ्या, लिटरभर कोमट साध्या पाण्यात टाकून पाच मिनिटं हलवा. पूर्ण गेला तर ते खतच होतं, पाणी कमी पडलं होतं किंवा थंड होतं. विषय संपला.

नाही गेला तर दुसरा चमचा काचेच्या ग्लासात घ्या आणि त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब टाका. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, काम उघड्यावर, आणि ब्लीचिंग पावडर जवळपास नको. फसफसलं तर कार्बोनेट, म्हणजे तुमच्या विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याची करणी. न फसफसता विरघळलं तर बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं फॉस्फेट. काहीच झालं नाही तर जिप्सम किंवा माती-वाळू. यातलं जिप्सम आणखी पाण्यात हळूहळू जातं, लिटरला दोन ग्रॅमच्या थोडं वर. वाळू जात नाही.

हे ओळखण्याचा फायदा ड्रीपर तुंबल्यावर कळतो. कार्बोनेट आणि फॉस्फेट अ‍ॅसिड ट्रीटमेंटने निघतात. जिप्सम अ‍ॅसिडला फारशी दाद देत नाही, त्यामुळे अ‍ॅसिडचे कॅन ओतून पैसे वाया जातात.

मीठभाकर
+१. अ‍ॅसिड ट्रीटमेंट करताना अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडवर नाही. प्रमाण शेजाऱ्याचं उचलू नका. आपल्या पाण्याची १० लिटरची बादली घ्या, मोजून थोडं थोडं अ‍ॅसिड टाका आणि पीएच पट्टीवर ४ आला की थांबा. तेच प्रमाण सिस्टीमला. पाणी जितकं क्षारट, तितकं अ‍ॅसिड जास्त लागतं. नळ्यांत भरून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं, मग शेवटची टोकं उघडून फ्लश.

रानवाट
पण जिप्सम मुळात येतं कुठून? बॅगेत तर नसतं.

निवळी
तुम्हीच बनवता :) कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच ड्रममध्ये टाकून. दोन्ही एकेकटी चांगली विरघळतात. एकत्र आली की कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना गाठतात आणि जिप्सम होऊन खाली येतात. १०० लिटरात १० किलो कॅल्शियम नायट्रेट आणि ५ किलो मॅग्नेशियम सल्फेट टाकलं तर तीन किलोच्या वर जिप्सम बनतं. पाणी आधी दुधी होतं, मग तळाला पांढरा मऊ साका. आयनांना बॅगेवरचं नाव ठाऊक नसतं, पाण्यात गेल्यावर कोण कोणाचा जोडीदार हे नव्याने ठरतं.

कॅल्शियम नायट्रेटबरोबर न चालणारी: ०:०:५०, मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम सल्फेट, १२:६१:०, ०:५२:३४, फॉस्फोरिक अ‍ॅसिड. झिंक सल्फेट आणि फॉस्फेटवाली खतंही एकत्र नकोत, झिंक फॉस्फेटचा गाळ होतो. चिलेटेड (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं) झिंक असेल तर चालतं.

रानवाट
हे पटत नाही. मातीविना शेतीवाले रोपाला कॅल्शियम आणि सल्फेट एकाच पाण्यातून देतात. त्यांच्या नळ्या तुंबत नाहीत.

अणुरेणू
रानवाटांचा मुद्दा बरोबर आहे, निवळींचाही. फरक दाटपणाचा. त्यांच्याकडे दोन टाक्या असतात. ‘अ’ टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोहाचं चिलेट, ‘ब’ टाकीत फॉस्फेट आणि सल्फेटं. दोन्ही साधारण शंभरपट दाट. ती रोपाच्या पाण्यात शंभरपट पातळ होऊनच एकमेकांना भेटतात. तिथे कॅल्शियम-सल्फेटचं प्रमाण जिप्समच्या मर्यादेच्या बरंच खाली असतं, त्यामुळे दोघे शेजारी असूनही गाळ होत नाही. फॉस्फेटसाठी पाणी किंचित आम्लधर्मी, पीएच सहाच्या आसपास ठेवावं लागतं.

ठिबकला हेच लागू. एक ड्रम सोडून झाल्यावर साधं पाणी सोडून नळ्या धुवा, मग दुसरा ड्रम. किंवा सरळ वेगळा दिवस.

पानदेठ
आणि शंका असेल तर बाटली-चाचणी. पाण्याची लिटरची पारदर्शक बाटली घ्या, ड्रममध्ये ज्या प्रमाणात आणि ज्या क्रमाने टाकणार त्याच प्रमाणात टाका, हलवा, दोन तास ठेवा. पाणी विहिरीचंच घ्या. फिल्टरच्या पाण्यात चाचणी केली तर तुमच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट त्यात येतच नाही, आणि गाळ बरेचदा त्यांच्यामुळेच होतो. १२:६१:० चं द्रावण आम्लधर्मी असल्याने थोड्या जड पाण्यात ते तगून जातं. डीएपीचं (डायअमोनियम फॉस्फेट) द्रावण अल्कधर्मी, पीएच आठच्या घरात, जड पाण्यात लगेच गढूळ.

देवराई
अवांतर: बोर्डो या बुरशीनाशकासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळायला फार वेळ लागतो. खडे मोठे असतात. कुटून टाकावं का?

मीठभाकर
देवराई, कुटायची गरज नाही. फडक्याची सैलसर पोटली करून ड्रममध्ये वरच्या बाजूला, पाण्यात जेमतेम बुडेल अशी टांगा. तळाला टाकू नका. मोरचुदाचं द्रावण पाण्यापेक्षा जड असतं. पोटलीतून निळ्या रेघा सरळ खाली उतरताना दिसतात, आणि त्या उतरल्या की वर साधं पाणी आपोआप खड्यांपाशी येतं. न ढवळता काम चालू राहतं. तेच खडे तळाला टाकले तर त्यांच्याभोवती निळं दाट पाणी साचून राहतं आणि वर पाणी पांढरंच.

एक टक्का बोर्डोसाठी मोरचूद १ किलो ५० लिटरात, विरलेला चुना १ किलो दुसऱ्या ५० लिटरात. भांडी प्लास्टिकची. लोखंडाचं नको, तांबं भांड्यावर बसतं आणि फवाऱ्यात कमी पडतं. दोन्ही गाळून, एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ढवळत ओता. घासलेलं लोखंडी पातं काही मिनिटं बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना वाढवा.

अणुरेणू
यात भर. चुना जवळपास विरघळतच नाही, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम, आणि पाणी गरम केलं तर उलट कमी. त्यामुळे चुन्यासाठी पाणी तापवू नका. ५० लिटरात १ किलो म्हणजे ते दूध, द्रावण नव्हे. बोर्डोसुद्धा द्रावण नाही, पाण्यात तरंगणारे निळे बारीक कण आहेत, म्हणून फवारताना सतत ढवळावं लागतं आणि त्याच दिवशी संपवावं लागतं. फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देने १८८५ साली केवडा रोगावरचा हा उपाय प्रसिद्ध केला, तेव्हापासून मूळ कृतीत फारसा बदल नाही.

शंकासुर
एक खरा प्रश्न, या वेळी थट्टा नाही. ईसी (वीजवाहकता) मीटरने द्रावण तपासलं तर किती खत विरघळलं ते कळेल ना?

पानदेठ
०:०:५० आणि १३:०:४५ चं कळेल, कारण ती आयनांत फुटतात आणि आयनांमुळे पाण्यातून वीज वाहते. युरियाचं नाही. युरियाचा रेणू अख्खाच विरघळतो, फुटत नाही. दाट युरिया द्रावणात मीटर जवळपास साध्या पाण्याइतकाच आकडा दाखवेल. तेवढ्यावरून ‘युरिया बनावट’ असा नवा धागा काढू नका.

देवराई
आभार, पोटलीचं उद्यापासून. फेरस सल्फेटचं पाणी थोड्या वेळात तपकिरी होतं, तोही गाळच का?

निवळी
हो. हवेतला ऑक्सिजन आणि क्षारट पाणी मिळून लोहाचं हायड्रॉक्साईड करतात. फेरस सल्फेटच्या आधी पाण्यात थोडं सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं की पाणी टिकतं. चिलेट घेणार असाल तर पीएच बघून. ईडीटीएवालं लोह साडेसहापर्यंतच भरवशाचं, आपल्या चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए लागतं.

गोदाकाठ
मंडळी, आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. समजा खरंच शंका आहे. दुकानदाराकडे जाण्याआधी काय करावं?

निवळी
१० ग्रॅम ०:०:५० मोजा, २०० मिली कोमट स्वच्छ पाण्यात विरघळवा. लिटरला ५० ग्रॅम झाले, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. इथेही गाळ राहिला तर शंका रास्त.

पण निवळ झालं म्हणजे अस्सल, असंही नाही. साधं मीठही लिटरला ३५०-३६० ग्रॅम निवळ विरघळतं. म्हणून त्या द्रावणात कॅल्शियम नायट्रेटचं तसंच दाट द्रावण थोडं ओता. पांढरा साका आला तर सल्फेट आहे, मीठ असतं तर पाणी निवळच राहिलं असतं. मात्र मॅग्नेशियम सल्फेटही साका देतं, म्हणजे पोटॅश किती हे यातून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच. फोडलेल्या बॅगेतला नमुना तक्रारीत टिकत नाही, खत निरीक्षकाला सांगून बंद बॅगेतून घ्यायला लावा. पावती आणि बॅगेवरचा बॅच नंबर जपून ठेवा.

रानवाट
आणि सकाळी ड्रममध्ये थर दिसलाच तर?

ठिबकवाला
फेकू नका. सक्शनचं तोंड तळापासून वीतभर वर बांधा, वरचं निवळ सोडून द्या, मग त्याच थरावर नवीन पाणी भरून ढवळा आणि दुसऱ्या फेरीत सोडा. एकराला बॅग तेवढीच जाते, पाण्याच्या फेऱ्या दोन होतात.

देवराई
ड्रम काळा घ्यावा का निळा?

ठिबकवाला
हिवाळ्यात काळा, उन्हात, आणि भरायचा दुपारी. झाकण असलेला बघा, नाहीतर पालापाचोळा फिल्टरला.